लेचवर्थ स्टेट पार्कला जाताय? जेनेसी नदीची दरी, तिचे धबधबे आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रॉचेस्टरला राहायला आल्यापासून उन्हाळा लागला की आमच्याकडे पाहुण्यांचा राबता सुरू होतो. कुणाचे आई-बाबा पुण्याहून आलेले असतात, कुणी न्यू जर्सीहून नायगाराला निघालेलं असतं. प्रत्येकाला मी एकच गळ घालते: लेचवर्थला एक अख्खा दिवस द्या. मग फोनवर प्रश्न सुरू होतात आणि ते बहुतेक तेच असतात. म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवते आहे.

नायगारा पाहणारच आहोत. मग आणखी धबधबे कशाला?

नायगाराला पाण्याचा प्रचंड लोट दिसतो आणि त्याच्या भोवती हॉटेलं, दुकानं आणि रांगा. लेचवर्थला नदी दिसते. ती येते कशी, तीन ठिकाणी कोसळते कशी, आणि मग शेकडो फूट खोल दरीतून वळणं घेत पुढे जाते कशी, हे सगळं तिच्या काठाकाठानं चालत बघता येतं.

जेनेसी नदी पेनसिल्व्हेनियात उगम पावते आणि उत्तरेकडे वाहत ऑन्टारिओ सरोवराला मिळते. उद्यान तिच्या काठानं १७ मैल, म्हणजे सुमारे २७ किलोमीटर पसरलं आहे. क्षेत्रफळ १४,००० एकरांहून जास्त. मुख्य धबधबे तीन, पण दोन्ही बाजूंनी येऊन मिळणाऱ्या ओढ्यांचे धरले तर संख्या पन्नासच्या घरात जाते. इकडे याला 'पूर्वेचं ग्रँड कॅन्यन' म्हणायची पद्धत आहे. मला ते नाव पटत नाही. ॲरिझोनाची दरी रखरखीत आणि तांबडी, ही ओलसर, हिरवी, सावलीची. जुलैमधली झाडी बघून मला आंबोली आठवते.

नेमकं कुठे आहे? कसं यायचं?

न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागात. रॉचेस्टरहून गाडीनं साधारण तासभर, बफेलोहून सव्वा तास, नायगाराहून दीड तास. न्यू जर्सीच्या एडिसन भागातून निघालात तर पाच तासांच्या आसपास धरा. सार्वजनिक वाहतुकीच्या भरवशावर येऊ नका, स्वतःची किंवा भाड्याची गाडी हवीच.

इथे बरेच जण चुकतात. जीपीएसमध्ये नुसतं 'लेचवर्थ' टाकलं तर तो तुम्हाला कुठल्या दाराशी, नदीच्या कुठल्या काठावर नेईल याचा नेम नाही. दरीच्या या काठावरून त्या काठावर गाडीनं पटकन जाता येत नाही, बराच वळसा पडतो. धबधबे पाहायचे असतील तर 'कॅस्टाइल प्रवेशद्वार' किंवा 'ग्लेन आयरिस इन' (धबधब्याजवळचं हॉटेल) असं टाका. उत्तरेच्या टोकापासून सगळी दरी बघत यायची असेल तर ३९० महामार्गाच्या ७ क्रमांकाच्या एक्झिटनं माउंट मॉरिसच्या दारानं आत शिरा.

किती वेळ लागतो?

नायगाराच्या वाटेवरचा तासाभराचा थांबा म्हणून येऊ नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. तासाभरात फोटो मिळतात, दरी मिळत नाही. सकाळी नऊला आत, संध्याकाळी सहाला बाहेर, असा बेत करा. अगदीच जमत नसेल तर चार तास काढा आणि फक्त दक्षिण भाग पाहा.

तीन धबधब्यांची भानगड समजत नाही. 'अप्पर' नकाशावर खाली का दिसतो?

कारण नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. ती आधी जिथे कोसळते तो अप्पर फॉल्स नकाशावर सगळ्यात खाली येतो. त्यानंतर मिडल आणि मग लोअर. हे एकदा डोक्यात बसलं की पाट्या वाचताना गोंधळ होत नाही.

अप्पर फॉल्स सुमारे ७० फूट, म्हणजे २१ मीटर उंच आहे. घोड्याच्या नालेसारखा वळलेला, आणि त्याच्या माथ्यावरून आगगाडीचा पूल जातो. मिडल फॉल्स तिघांत सगळ्यात उंच: १०७ फूट, जवळपास ३३ मीटर. इथे नदीची संपूर्ण रुंदी एकदम खाली येते. पाणी भरपूर असेल तेव्हा तुषार वरच्या वाटेपर्यंत उडतात आणि ऊन असेल तर हमखास इंद्रधनुष्य दिसतं. हा धबधबा बघायला भर दुपारी सूर्यसुद्धा थबकतो, अशी सेनेका लोकांची कथा सांगितली जाते. लोअर फॉल्स पुन्हा ७० फुटांचा, पण तिथवर जायला पायऱ्या उतराव्या लागतात. त्याच्या जवळच नदी चिंचोळ्या खडकांतून जाते आणि तिच्यावर एक छोटा दगडी पूल आहे. तिघांपैकी सर्वांत कमी माणसं इथे पोचतात. मला विचाराल तर पाण्याच्या सर्वांत जवळ गेल्यासारखं इथेच वाटतं.

पायी जाता येतं का?

हो, आणि जमत असेल तर पायीच जा. 'गॉर्ज ट्रेल' ही १ क्रमांकाची वाट पश्चिम काठानं साधारण सात मैल जाते. सगळी चालायची गरज नाही. अप्पर ते मिडल हे अंतर जेमतेम अर्ध्या मैलाचं आहे, वाटभर दरीच्या कडेची दगडी भिंत सोबतीला आणि दर वळणावर नदी निराळी. वाट पावसानंतर निसरडी होते. चपला, सँडल गाडीतच ठेवा, पकड असलेले बूट घाला.

एकच व्ह्यूपॉइंट पाहायचा असेल तर?

इन्स्पिरेशन पॉइंट. मिडल फॉल्स, त्याच्या मागे अप्पर फॉल्स आणि सगळ्यात मागे पुलाची कमान, हे तिन्ही एका नजरेत मावतं. लेचवर्थचं जे चित्र तुम्ही आधी कुठे पाहिलं असेल ते बहुधा इथलंच. गाडी लावून चार पावलं चाललं की समोर दृश्य.

माझी आई इथे आली तेव्हा चहाचा थर्मास घेऊन तासभर बसून राहिली होती. आम्ही मधल्या वेळात खालच्या वाटेवरून फिरून आलो, तरी ती तिथेच. निघताना एवढंच म्हणाली, "पाणी तेच, पण दर खेपेला दुसरंच दिसतं गं."

आणि बाकीचे?

उत्तरेकडे जाताना रस्त्यालगत एकामागून एक लागतात. त्यांतला ग्रेट बेंड चुकवू नका. इथे नदी जवळजवळ उलटी फिरते आणि कडा सुमारे ५५० फूट, म्हणजे १६७ मीटर खाली जातो. धबधबा नाही, गर्दी कमी, पण दरीची खोली अंगावर येते ती इथे. आर्चरी फील्डवरून खडकाचे थर वहीच्या पानांसारखे एकावर एक दिसतात. वुल्फ क्रीकला एक ओढा पायऱ्या-पायऱ्यांनी दरीत उतरतो. टी टेबल आणि हॉग्सबॅक वेळ असेल तर.

उन्हाळ्यात या कड्यांवर टर्की व्हल्चर नावाची गिधाडं घिरट्या घालतात. पंख न हलवता ती दरीतल्या वाऱ्यावर तरंगत असतात, आणि आपण वर उभे असल्यामुळे उडणाऱ्या पक्ष्याची पाठ दिसते. मुलांना हे आवर्जून दाखवा.

आई-बाबांचे गुडघे दुखतात. त्यांना झेपेल?

झेपेल. अमेरिकेतल्या दऱ्याखोऱ्यांच्या उद्यानांपैकी वडीलधाऱ्यांना घेऊन जायला मी हेच सुचवीन. इन्स्पिरेशन पॉइंट, आर्चरी फील्ड आणि ग्रेट बेंड यांच्या अगदी जवळ गाडी लावता येते. मिडल फॉल्सही वाहनतळापासून थोड्याच अंतरावर दिसतो. फक्त लोअर फॉल्सचा हट्ट धरू नका. सव्वाशेच्या वर पायऱ्या उतरून परत तेवढ्याच चढायच्या असतात, आणि त्या चढताना लागणारी धाप खाली उतरताना जाणवत नाही. तेवढा वेळ त्यांना ग्लेन आयरिसच्या हिरवळीवर बसवा. पुढे मिडल फॉल्सची गाज ऐकू येत राहते.

सोबत टोपी, पाणी आणि नेहमीची औषधं ठेवा. दरीत मोबाइलला रेंज कमी असते किंवा नसते, त्यामुळे चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते आधी ठरवा.

पाण्यात उतरता येतं का? धबधब्याखाली भिजता येतं का?

नाही. नदीत उतरायला, पोहायला मनाई आहे, आणि कड्यावरून खाली उतरायलाही.

आपल्याकडे पावसाळी सहल म्हणजे धबधब्याखाली उभं राहणं, हे अंगवळणी पडलेलं असतं. भुशी डॅमच्या पायऱ्यांवर बसून आपण सगळे लहानाचे मोठे झालो. तिथेही किती जीव गेलेत ते आपण दर पावसाळ्यात वाचतो. पोहायचंच असेल तर उत्तरेला हायबँक्स भागात उन्हाळ्यात जलतरण तलाव सुरू असतो. नदीची मजा हवी असेल तर उन्हाळ्यात लोअर फॉल्सच्या पुढच्या भागात वाटाड्यांबरोबर राफ्टिंग करता येतं, लाइफ जॅकेट घालून.

भिंतीवर चढून फोटो काढला तर काय बिघडतं?

इथे खडकाविषयी थोडं सांगते, कारण ते कळलं की भिंत ओलांडायची इच्छा होणार नाही.

हे थर डेव्होनियन काळातले, साधारण ३६ ते ३८ कोटी वर्षांपूर्वीचे. तेव्हा इथे उथळ समुद्र होता. त्याच्या तळाशी बसलेला गाळ आणि वाळू यांचे शेल आणि वालुकाश्म झाले. आपल्या सह्याद्रीचा काळा बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा, म्हणजे हा दगड त्याच्या कितीतरी आधीचा. दरी मात्र अगदी कोवळी आहे. शेवटच्या हिमयुगात बर्फाच्या प्रचंड थरांनी आणलेल्या मातीदगडांनी नदीची जुनी वाट बुजवली. बर्फ वितळल्यावर तिला नवी वाट कोरावी लागली. हे काम सुरू होऊन काही हजार वर्षंच झालीत आणि ते अजून चालू आहे. मऊ शेल पाण्यानं आणि गोठण्या-वितळण्यानं झिजतो, त्यावरचा कठीण वालुकाश्म आधार गेल्यामुळे तुटून पडतो, आणि धबधबा हळूहळू मागे सरकतो.

म्हणजे भिंतीपलीकडे जो सपाट, भक्कम दिसणारा कठडा असतो त्याच्या खालचा दगड पोकळ झालेला असू शकतो. सह्याद्रीच्या कातळावर वावरलेल्या माणसाला इथला दगड फसवतो. अपघात झालेले आहेत. या भिंती, पायऱ्या आणि दगडी बाकं यांतलं पुष्कळ काम १९३०च्या दशकात, महामंदीच्या काळात, सिव्हिलियन कन्झर्व्हेशन कोअर या सरकारी योजनेतल्या तरुणांनी केलेलं आहे. भिंतीला टेकून, अलीकडून घेतलेले फोटोही उत्तम येतात.

यायला सर्वांत चांगला मोसम कोणता?

आपल्याला धबधबा म्हटलं की जून ते सप्टेंबर आठवतो. ठोसेघरला मे महिन्यात गेलं तर हाती काही लागत नाही. इथलं गणित उलटं आहे. बर्फ वितळतं तेव्हा, मार्च-एप्रिलमध्ये, नदी भरून वाहते. पाणी तपकिरी आणि आवाज लांबून येणारा. झाडं मात्र तेव्हा उघडी-बोडकी असतात आणि वारा बोचतो. मे-जूनमध्ये पाणी आणि पालवी दोन्ही मिळतात. ऑगस्टमध्ये पाऊस ओढला असेल तर धारा बारीक होतात. तेव्हा येऊन निराश झालेले पाहुणे मी पाहिलेत, पण दरी तेव्हाही तेवढीच खोल असते.

ऑक्टोबरचे पहिले दोन-तीन आठवडे पानगळीचे रंग. मेपलची झाडं केशरी-लाल होतात आणि मधून राखाडी कडे डोकावतात. अख्खं पश्चिम न्यूयॉर्क त्या वेळी इथे लोटतं. कोलंबस डेच्या शनिवार-रविवारी हायबँक्सला हस्तकलेचं मोठं प्रदर्शनही भरतं आणि दाराशी गाड्यांची रांग लागते. शक्य असेल तर मंगळवार-बुधवार गाठा, नाहीतर सकाळी आठच्या आत पोचा.

हिवाळ्यात यावं का?

उद्यान वर्षभर उघडं असतं, पण आतल्या रस्त्याचा काही भाग आणि लोअर फॉल्सच्या पायऱ्या बंद असतात. कॅस्टाइलच्या दारानं आत येऊन मिडल फॉल्स पाहता येतो. दोन्ही बाजूंनी बर्फाचे पडदे लटकतात आणि मधून काळं पाणी. ग्लेन आयरिससमोरच्या तळ्यातल्या कारंज्याभोवती कडाक्याच्या थंडीत बर्फाचा सुळका तयार होतो. २०१५च्या हिवाळ्यात तो इतका वाढला की 'बर्फाचा ज्वालामुखी' म्हणून बातम्यांत झळकला. बुटांना लावायचे काटे आणल्याशिवाय वाटेवर पाऊल टाकू नका.

अप्पर फॉल्सवरून जाणारा तो पूल कुठला?

मालगाड्यांचा. पूल चालू आहे, त्यावर चढायला मनाई आहे, पण नशीब असेल तर धबधब्याच्या डोक्यावरून लांबलचक मालगाडी जाताना दिसते.

पहिला पूल १८५२चा, संपूर्ण लाकडी. तो १८७५च्या मे महिन्यात जळाला आणि अवघ्या ८६ दिवसांत तिथे लोखंडी पूल उभा राहिला. त्यानं १४० वर्षांहून जास्त ओझं वाहिलं. शेजारी बांधलेल्या पोलादी कमानीवरून डिसेंबर २०१७ मध्ये पहिली गाडी गेली आणि मग जुना पूल उतरवला. नव्या पुलाचा एकही खांब नदीच्या पात्रात नाही. मला जुन्या पुलाचं जाळीदार रूप आवडायचं, पण आता धबधब्याच्या वरचं पात्र मोकळं दिसतं, हेही खरं.

लेचवर्थ हे कुणाचं नाव?

विल्यम प्रायर लेचवर्थ, बफेलोचे उद्योजक. १८५९ मध्ये त्यांनी मिडल फॉल्सजवळ जमीन घ्यायला सुरुवात केली. लाकूडतोडीनं तेव्हा हे काठ उजाड झाले होते. त्यांनी झाडं लावली, वाटा आखल्या, घराला ग्लेन आयरिस नाव दिलं. इंद्रधनुष्याची ग्रीक देवता आयरिस, तिच्यावरून. पुढे व्यवसायातून निवृत्त होऊन त्यांनी अनाथ आणि गरीब मुलांसाठी काम केलं, मुलांना गरीबखान्यातून बाहेर काढण्यासाठी राज्यभर फिरले.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नदीवर वीजनिर्मितीसाठी धरण बांधण्याचे बेत होते. धबधबे जाऊ नयेत म्हणून १९०६ मध्ये लेचवर्थांनी आपली सुमारे १,००० एकर जमीन न्यूयॉर्क राज्याला दान केली. १९१० मध्ये ते गेले. आज आपण जे तीन धबधबे बघतो ते या एका निर्णयामुळे शिल्लक आहेत, असं मी पाहुण्यांना सांगते, आणि त्यात मला जराही अतिशयोक्ती वाटत नाही.

त्यांच्या आधी इथे कोण होतं?

सेनेका लोक. जेनेसी हे नाव त्यांच्याच भाषेतून आलं आहे आणि त्याचा अर्थ 'रम्य खोरं' असा सांगतात. १७७९ मध्ये अमेरिकी सैन्यानं त्यांची गावं आणि उभी पिकं जाळली. १७९७च्या करारात बहुतेक जमीन त्यांच्या हातून गेली.

ग्लेन आयरिसच्या वरच्या टेकाडावर कौन्सिल ग्राउंड्स आहे. तिथे सेनेकांचं जुनं लाकडी सभागृह लेचवर्थांनी आणून पुन्हा उभं केलं, आणि १८७२ मध्ये सेनेका आणि मोहॉक वंशज तिथे जमले. जवळच मेरी जेमिसनची समाधी आणि पाठीवर मूल बांधलेला तिचा पुतळा आहे. ही आयरिश आईबापांची मुलगी. किशोरवयात युद्धात पकडली गेली, सेनेकांनी तिला दत्तक घेतलं, आणि पुढे परत जायची संधी असूनही ती त्यांच्यातच राहिली. याच दरीतल्या गार्डो भागात तिची शेती होती. १८३३ मध्ये बफेलोजवळ ती वारली, १८७४ मध्ये तिचे अवशेष इथे आणले. बहुतेक गाड्या या टेकाडाकडे वळतच नाहीत. तुम्ही वळा, पंधरा-वीस मिनिटं पुरतात.

माउंट मॉरिसच्या टोकाला धरण आहे म्हणतात, पण पाणी कुठे दिसत नाही?

कारण ते पाणी साठवायचं धरण नाही. १९४८ ते १९५२ या काळात ते फक्त पूर अडवण्यासाठी बांधलं. एरवी नदी त्यातून निघून जाते, पूर आला की पाणी मागे रोखून नंतर हळूहळू सोडतात. जून १९७२ मध्ये ॲग्नेस चक्रीवादळाच्या पावसानं पाणी जवळजवळ माथ्यापर्यंत चढलं होतं, तरी धरणानं खालच्या खोऱ्याला आणि रॉचेस्टरला सावरलं.

खाण्यापिण्याचं काय? शाकाहारी मिळतं?

ग्लेन आयरिस इनमध्ये रेस्टॉरंट आहे, पण मोसमाप्रमाणे चालू-बंद असतं. मोसमात नाश्त्याची छोटी दुकानंही असतात. खरं सांगायचं तर डबा न्या. जागोजागी बाकं, टेबलं आणि शेगड्या आहेत. आमचा ठरलेला बेत म्हणजे धपाटे, दही, शेंगदाण्याची चटणी आणि काकडी. झाडाखाली, दरीच्या वाऱ्यात ते जसं लागतं तसं घरी लागत नाही. उरलंसुरलं तिथे टाकू नका, चिपमंक आणि रकूनना खायला घालू नका, कचरा परत आणा.

लहान मुलांना काय आहे?

हम्फ्री नेचर सेंटरमध्ये इथल्या प्राण्यांची आणि दगडांची ओळख होते. त्याच्या जवळच २०२१ मध्ये सुरू झालेली ऑटिझम नेचर ट्रेल आहे, साधारण मैलभराची. स्वमग्न मुलांना गोंगाट आणि गर्दीचा त्रास न होता जंगल अनुभवता यावं, म्हणून ती आखली आहे. चाकाची खुर्चीही जाते. आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबानं मुलासह इथे घालवलेली दुपार ते अजून आठवतात. ही वाट सर्वांसाठी खुली आहे.

गवतात खेळू द्यायचं असेल तर घरी गेल्यावर अंगावर गोचीड नाही ना ते नीट तपासा, त्यातून लाइम रोग होऊ शकतो. तीन-तीन पानांची, अंगाला लागली की खाज आणणारी पॉयझन आयव्ही ओळखायला शिका आणि शिकवा.

प्रवेश शुल्क? कुत्रा, ड्रोन?

शुल्क माणशी नाही, गाडीमागे आहे. मोसमात १० डॉलर. एम्पायर पास (न्यूयॉर्कच्या स्टेट पार्कांचा पास) चालतो. कुत्रा दोरीला बांधून आणता येतो. ड्रोन परवान्याशिवाय नाही.

मुक्काम करावा का?

जमलं तर नक्की. ग्लेन आयरिस इनमध्ये खोल्या आहेत, लाकडी केबिनं आहेत, हायबँक्सला तंबू ठोकता येतो. सगळ्यांचं आरक्षण महिनोन्‌महिने आधी भरतं. मुक्कामाचा फायदा म्हणजे पहाट. दरीत धुकं भरलेलं असतं, धबधबा दिसायच्या आधी ऐकू येतो. मोसमात हवा शांत असेल तर त्या वेळी गरम हवेचे फुगेही उडतात.

वॉटकिन्स ग्लेन की लेचवर्थ?

न्यू जर्सीकडून येताना वॉटकिन्स ग्लेन हे न्यूयॉर्कमधलंच दुसरं स्टेट पार्क फार आडवाटेला नाही, म्हणून हा प्रश्न येतो. तिथे अरुंद घळीत शिरून १९ धबधब्यांच्या अगदी जवळून चालायचं असतं, पायऱ्या आठशेच्या वर. गुडघे शाबूत असतील तर ते विलक्षण आहे. सोबत मोठी माणसं असतील तर लेचवर्थ. दोन दिवस असतील तर दोन्ही, पण एकाच दिवशी नको.

परतताना रॉचेस्टरला थांबण्यासारखं काही?

आहे. शहराच्या अगदी मधोमध हीच जेनेसी पुन्हा ९६ फूट कोसळते, नाव हाय फॉल्स. याच पाण्यावर एकेकाळी इथल्या पिठाच्या गिरण्या चालायच्या. दिवसभर झाडीत पाहिलेली नदी संध्याकाळी विटांच्या जुन्या इमारतींच्या मध्ये दिसते तेव्हा पाहुणे आधी ओळखतच नाहीत. मग जेवायला आमच्याकडेच येतात.